विश्लेषण : शहरात घरभाड्यावर खर्च फक्त ७ टक्के? सर्वेक्षणातला हा आकडा वाचायचा कसा?

पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्या कोणालाही विचारा, पगारातला मोठा हिस्सा पहिल्या आठवड्यातच घरमालकाच्या खात्यात जातो. केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात मात्र शहरी भागातील एकूण खर्चात घरभाड्याचा वाटा सुमारे ७ टक्केच आहे. शहरांतला सरासरी दरडोई मासिक खर्च ६,९९६ रुपये. म्हणजे भाडे माणशी अंदाजे ४९० रुपये, चौघांच्या कुटुंबाला दोन हजारांच्याही आत! एवढ्यात मुंबईत कॉट बेसिसवरही जागा मिळत नाही. मग आकडा चुकीचा आहे का? नाही. पण तो आपल्याला वाटतो ते सांगत नाही.

हे सर्वेक्षण कोण करते?

१९५० मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण म्हणजेच ‘एनएसएस’. कर्मचारी निवडक घरांत जाऊन प्रश्नावली भरून घेतात. २०२३-२४ मध्ये देशभरातील २,६१,९५३ कुटुंबांकडून माहिती घेण्यात आली. जनगणनेसारखे प्रत्येक घर त्यात नसते. निवडलेले प्रत्येक कुटुंब त्याच्यासारख्या अनेक कुटुंबांचे प्रतिनिधी मानले जाते.

भाड्याचा वाटा इतका कमी का दिसतो?

कारण सरासरीत स्वतःच्या घरात राहणारेही असतात. २०११च्या जनगणनेनुसार शहरांतील ६९.२ टक्के कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती, तर २७.५ टक्के भाड्याने. स्वतःच्या घरात राहणाऱ्याचे भाडे शून्य धरले जाते.

एक सोपे काल्पनिक उदाहरण घेऊ. एका वस्तीत १०० कुटुंबे आहेत. प्रत्येकाचा महिन्याचा खर्च ४० हजार. त्यातली २५ कुटुंबे १२ हजार भाडे देतात. या २५ कुटुंबांसाठी भाड्याचा वाटा ३० टक्के आहे. पण संपूर्ण वस्तीचा हिशेब केला तर ४० लाखांपैकी भाडे फक्त ३ लाख, म्हणजे साडेसात टक्के. दोन्ही आकडे बरोबर, प्रश्न मात्र वेगवेगळे. शिवाय ‘शहरी’ म्हणजे केवळ महानगरे नव्हेत, कमी भाड्याची छोटी शहरेही त्यात येतात.

मग महागाई मोजताना घराचे वजन जास्त कसे?

२०१२ हे आधारवर्ष असलेल्या शहरी ग्राहक किंमत निर्देशांकात घरांचा भार २१.६७ टक्के होता. तिथे स्वतःच्या घराचेही ‘मानीव भाडे’ धरले जाते, म्हणजे तेच घर भाड्याने घेतले असते तर किती द्यावे लागले असते, याचा अंदाज. खर्च सर्वेक्षणाच्या सरासरीत ते धरत नाहीत. त्यामुळे हे दोन आकडे थेट शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

उत्पन्न थेट का विचारत नाहीत?

विचारून पाहिले आहे. १९५०च्या दशकात प्रायोगिक फेऱ्या झाल्या, १९६०च्या दशकातही प्रयत्न झाले. पण लोकांनी सांगितलेले उत्पन्न त्यांच्याच खर्च आणि बचतीपेक्षा कमी भरले, आणि तो प्रयोग मागे पडला. शेतकऱ्याचे उत्पन्न हंगामावर, दुकानदाराचे गल्ल्यावर. महिन्याचा नेमका आकडा अनेकांना स्वतःलाच ठाऊक नसतो. म्हणून २०२२-२३च्या सर्वेक्षणात शहरी कुटुंबांची वर्गवारी करताना गाडीचा आधार घेतला गेला : दहा लाखांवरची कार, त्याखालची कार की कारच नाही? पगार लपवता येतो, पार्किंगमधली गाडी लपवणे अवघड.

आता काय बदलते आहे?

जून २०२५ मध्ये केंद्राने देशव्यापी कौटुंबिक उत्पन्न सर्वेक्षणाची घोषणा केली. त्यासाठी अर्थतज्ज्ञ सुरजित भल्ला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट नेमला. पूर्वचाचणीत सुमारे ९५ टक्के लोकांना हे प्रश्न संवेदनशील वाटले. खरी अडचण इथेच आहे. किती लोकांना घर परवडते, हे ठरवायला भाडे आणि उत्पन्न दोन्ही एकाच कुटुंबाचे हवे. त्यातला एक आकडा नसेल, तर ‘परवडणारे घर’ हा अंदाजच राहतो.

आकडा वाचताना काय तपासावे?

- सरासरी कोणाची? सर्वांची की फक्त भाडेकरूंची? सर्वेक्षणात घर स्वतःचे की भाड्याचे, अशी नोंद असते. त्यामुळे भाडेकरू वेगळे काढता येतात.
- कुटुंबनिहाय माहिती मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव-ओळख वगळून मिळते. मात्र प्रत्येक कुटुंबापुढचा ‘गुणक’ न वापरता काढलेली सरासरी चुकीची ठरते.
- खर्च म्हणजे उत्पन्न नव्हे. बचत आणि कर्जाचे हप्ते त्यात दिसत नाहीत.

सोसायटीच्या गेटवर काय होते?

अनेक सोसायट्यांत ‘सर्व्हेवाल्यांना वर सोडू नका’ अशी सूचना असते. ओळखपत्र तपासणे योग्यच. पण सांख्यिकी संकलन कायदा, २००८ नुसार दिलेली माहिती सांख्यिकी कामासाठीच वापरता येते. भाड्याने पिचलेल्या कुटुंबाने दार लावून घेतले, तर त्याचे भाडे हिशेबात येत नाही. मग पुढच्या अहवालातला आकडाही आपल्याला परकाच वाटणार.