ओपनझेपलिन म्हणजे काय? टोकनचा कोड ‘सेफ’ आहे म्हणजे पैसे सेफ आहेत का?

टेलिग्रामवर नव्या क्रिप्टो टोकनची जाहिरात येते आणि खाली लिहिलेलं असतं, ‘आमचा कोड ओपनझेपलिनचा, एकदम सेफ!’ मल्टिस्टेट पतसंस्थांत ठेवी अडकलेली घरं बीड जिल्ह्यात कमी नाहीत. म्हणून पैसे टाकण्याआधी या ओळीचा खरा अर्थ समजून घेऊया.

आधी स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट

भिशी तुम्हाला माहीत आहे. दहा जण दर महिन्याला पैसे भरतात, एकाला रक्कम मिळते आणि हिशेब वहीत राहतो. ही भिशी ब्लॉकचेनवर चालवली, तर वही आणि भिशी चालवणारा माणूस या दोघांचं काम एक प्रोग्रॅम करतो. तोच स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट. अडचण अशी की एकदा चढवलेला कोड सहसा बदलता येत नाही. त्यात चूक राहिली तर ती चोरालाही दिसते.

जून २०१६ मध्ये इथेरियमवरच्या ‘द डाओ’ या सामायिक फंडात हेच झालं. तिथला कोड आधी पैसे द्यायचा आणि वहीत नोंद नंतर करायचा. हल्लेखोराने नोंद होण्याआधीच पुन्हा पुन्हा पैसे मागितले. सुमारे ३६ लाख इथर फंडातून बाहेर गेले.

मग लायब्ररी कशाला?

घर बांधताना आपण विटा स्वतः भाजत नाही, भट्टीवरून आणतो. ओपनझेपलिन ही कोडची तशीच भट्टी. सॉलिडिटी भाषेतले तयार, तपासलेले भाग तिथे फुकट मिळतात. २०१६ पासून ही लायब्ररी ओपन सोर्स आहे, म्हणजे कोणीही कोड वाचू, वापरू आणि त्यातली चूक दाखवू शकतो. टोकनसाठी ‘ईआरसी-२०’, मालकी हक्कासाठी ‘ओनेबल’, व्यवहार थांबवण्यासाठी ‘पॉझेबल’ आणि डाओसारखा हल्ला रोखायला ‘रीएन्ट्रन्सीगार्ड’ असे भाग त्यात आहेत.

इथेरियमशी जुळणाऱ्या पॉलिगॉनवरही हाच कोड चालतो. भारतीय तरुणांनी सुरू केलेल्या या नेटवर्कच्या चाचणी आवृत्तीचं नाव २०२४ पर्यंत चक्क ‘मुंबई’ होतं! गडचिरोलीतल्या एटापल्लीत २०२२ मध्ये जातीचे दाखले पडताळण्यासाठी पॉलिगॉनच वापरलं गेलं. म्हणजे हे तंत्रज्ञान फक्त नाण्यांपुरतं नाही.

गडबड कुठे होते?

विटा चांगल्या असल्या तरी बांधकाम मिस्त्रीच्या हातात असतं. एप्रिल २०१८ मध्ये ब्युटीचेन टोकनचं उदाहरण घ्या. आकडेमोड सुरक्षित करणारी ‘सेफमॅथ’ त्या कोडमध्ये होती, पण एका ओळीतल्या गुणाकाराला ती लावलीच नव्हती. त्या एका ओळीतून हल्लेखोराने हवेतून प्रचंड टोकन तयार केले.

दुसरा धोका मालकाचा. ‘नवे टोकन फक्त मालकच छापेल’ हा नियम लायब्ररी चोख पाळते. पण मालक प्रामाणिक आहे का, हे तिला कळत नाही. त्याने रातोरात ढीगभर टोकन छापून विकले, तर कोडच्या दृष्टीने सगळं नियमातच झालं. तुमच्या टोकनचा भाव मात्र मातीमोल.

मोबाइलवर काय तपासाल?

१. टोकनचा पत्ता इथरस्कॅन किंवा पॉलिगॉनस्कॅनवर टाका. कोड उघड केलेला नसेल, तर तिथेच थांबा.
२. हिरवी खूण दिसली तरी हुरळू नका. दाखवलेला कोड आणि चालणारा कोड एकच आहे, एवढाच तिचा अर्थ.
३. कोडमध्ये ‘मिंट’, ‘पॉझ’, ‘ओनर’ हे शब्द शोधा. टोकन कोण छापू शकतो आणि व्यवहार कोण बंद पाडू शकतो, ते बघा.
४. ओपनझेपलिनचं नाव ठेवून आतली ओळ बदलताही येते. नुसत्या नावावर जाऊ नका.

शिकायचं असेल, तर ब्राउझरमध्ये ओपनझेपलिनचं ‘कॉन्ट्रॅक्ट्स विझार्ड’ उघडा. ‘मिंटेबल’वर टिक करा आणि कोडमध्ये कोणती ओळ वाढते ते बघा. पुढच्या वेळी कोणी ‘एकदम सेफ’ म्हणालं, की त्याच्या कोडमध्ये आधी तीच ओळ शोधा.