काखेतून गळ्याकडे वळसा

थायरॉइडच्या कर्करोगासाठी मानेवर छेद घेऊन होणारी नेहमीची खुली शस्त्रक्रिया करावी, की काखेतून यंत्राचे हात आत घालून होणारी रोबोटिक शस्त्रक्रिया करावी, हा प्रश्न रुग्ण आणि नातेवाईक आता वारंवार विचारू लागले आहेत. ‘मानेवर व्रण नाही’ असे सांगणाऱ्या जाहिराती पाहता ते स्वाभाविकही आहे. मात्र उत्तर शोधायचे तर आधी त्वचेच्या आत काय पणाला लागलेले असते, हे पाहावे लागते.

थायरॉइड ग्रंथी श्वासनलिकेला पुढून आणि दोन्ही बाजूंनी बिलगलेली असते. तिच्या मागून स्वरयंत्राकडे जाणारा मज्जातंतू छातीपर्यंत खाली उतरून, डाव्या बाजूला महारोहिणीला वळसा घालून पुन्हा वर येतो. त्याची जाडी जेमतेम एक-दोन मिलिमीटर असते आणि तो दुखावला तर आवाज घोगरा होतो, दोन्ही बाजूंचे दुखावले तर श्वासही कोंडू शकतो. ग्रंथीच्या मागच्या अंगाला मसुराच्या दाण्याएवढ्या साधारणतः चार परावटू ग्रंथी असतात. त्या रक्तातील कॅल्शियमची पातळी राखतात आणि त्या गेल्या तर बोटांना मुंग्या येणे, स्नायू आखडणे असे त्रास सुरू होतात. या ग्रंथी प्रथम दिसल्या त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मरण पावलेल्या एका भारतीय गेंड्याच्या विच्छेदनात, 1850 च्या सुमारास, रिचर्ड ओवेन यांना. माणसातील त्यांचे सविस्तर वर्णन स्वीडनच्या इव्हार सॅन्डस्ट्रॉम यांनी 1880 मध्ये प्रसिद्ध केले, परंतु त्यांच्या हयातीत त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही, आणि या दुर्लक्षाची किंमत असंख्य रुग्णांनी मोजली.

ती कशी मोजली गेली, हे अमेरिकी शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांच्या एका निरीक्षणातून कळते. व्हिएन्नाचे थिओडोर बिलरॉथ आणि बर्नचे थिओडोर कोचर हे दोघेही थायरॉइड काढून टाकत. तरीही बिलरॉथ यांच्या रुग्णांना स्नायूंचे झटके येत, तर कोचर यांच्या रुग्णांमध्ये थायरॉइडच्या पूर्ण अभावाने येणारी सूज आणि मांद्य दिसे. बिलरॉथ वेगाने काम करीत, त्यात परावटू ग्रंथी निघून जात आणि थायरॉइडचे अंश मागे राहत. कोचर रक्तस्राव होऊ न देता, सावकाश आणि काटेकोरपणे काम करीत, त्यामुळे परावटू ग्रंथी वाचत, पण थायरॉइडचा कणही उरत नसे. शस्त्रक्रिया एकच, पण हात वेगळे म्हणून परिणाम वेगळे. या शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण पुढे 1 टक्क्याच्याही खाली आणणाऱ्या कोचर यांना 1909 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

काखेतून रोबोटच्या साहाय्याने थायरॉइड काढण्याची पद्धत 2007 च्या अखेरीस सोल येथील योनसेई विद्यापीठाच्या रुग्णालयात सुरू झाली. तीत काखेत छेद घेऊन छातीच्या स्नायूवरची त्वचा उचलत, गळपट्टीचे हाड ओलांडून ग्रंथीपर्यंत वाट तयार केली जाते. यंत्र स्वतः काहीच ठरवत नाही; शल्यचिकित्सक काही अंतरावर बसून त्याचे हात चालवतो, त्याला त्रिमितीय आणि अनेक पटींनी मोठे दृश्य मिळते, हाताचा कंप गाळला जातो, मात्र बहुतेक यंत्रांत ऊतींचा स्पर्श बोटांना जाणवत नाही. मानेवरचा व्रण टळतो हे खरे, पण त्यासाठी खुल्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक ऊती सुट्या कराव्या लागतात, त्यामुळे या पद्धतीला ‘कमी छेदाची’ म्हणणे योग्य नाही.

अनुभवी केंद्रांतील तुलनांमध्ये कमी जोखमीच्या गाठींबाबत आवाजाची हानी, कॅल्शियमची कमतरता आणि काही वर्षांतील पुनरुद्भव दोन्ही पद्धतींत साधारण सारखेच आढळले आहेत. रोबोटिक पद्धतीला वेळ आणि खर्च अधिक लागतो, हाताच्या मज्जातंतूंवर ताण येण्याचा एक नवा धोकाही तीत असतो. दिसण्याबाबतचे समाधान मात्र अधिक असते, आणि तरुण रुग्णांसाठी किंवा ज्यांचे व्रण जाड होऊन वाढतात अशांसाठी ही बाब क्षुल्लक नव्हे. तरीही या तुलना बहुतांशी मागे वळून पाहिलेल्या नोंदींवर आधारलेल्या आहेत आणि रोबोटसाठी निवडलेले रुग्ण बहुधा तरुण, सडपातळ आणि लहान गाठीचे होते. शिवाय थायरॉइडचा सर्वसामान्य कर्करोग इतका संथ असतो की तो दहा-वीस वर्षांनीही उलटू शकतो. त्यामुळे काही वर्षांच्या पाठपुराव्यावर निर्वाळा देणे घाईचे ठरते.

त्याहून मोठा प्रश्न कोरियातच उभा राहिला. सोनोग्राफीच्या सरसकट तपासण्यांमुळे तेथे 2011 मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण 1993 च्या पंधरा पट झाले, मृत्यूंचे प्रमाण मात्र तसेच राहिले. म्हणजेच सापडलेल्या असंख्य बारीक गाठी कधीच जिवावर बेतणाऱ्या नव्हत्या. जपानमधील कोबे येथील कुमा रुग्णालयाने तर 1993 पासूनच 1 सेंटिमीटरपर्यंतच्या, कमी जोखमीच्या गाठी न काढता नियमित तपासणीखाली ठेवल्या आणि त्यांतील बहुतेक वर्षानुवर्षे वाढल्या नाहीत. अशा गाठीसाठी रोबोट की सुरी हा वाद मुळातच अकाली असतो.

शस्त्रक्रिया आवश्यक असेलच, तर अमेरिकेतील 2017 च्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष ध्यानात ठेवावा: वर्षाला 25 हून अधिक थायरॉइड शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या रुग्णांमध्ये गुंतागुंत कमी आढळली. म्हणून रुग्णाने यंत्राची चौकशी करण्याआधी शल्यचिकित्सकाला तीन गोष्टी निःसंकोचपणे विचाराव्यात: ही गाठ आत्ताच काढणे गरजेचे आहे का, वर्षाकाठी अशा किती शस्त्रक्रिया आपल्या हातून होतात, आणि त्यांपैकी किती रुग्णांचा आवाज किंवा कॅल्शियम कायमचे बिघडले. याची नेमकी उत्तरे देणारा शल्यचिकित्सक मानेतून गेला काय किंवा काखेतून, रुग्ण सुरक्षित हातांत असण्याची शक्यता अधिक असते.