जुन्या जीप-पिकअपला नवा मागचा ॲक्सल बसवताय? आधी हे वाचा



पांढरा कांदा निघायच्या आणि आंब्याच्या पेट्या सुरू व्हायच्या आधी गाड्या गॅरेजला लागतात. आपल्याकडे वाडीत अजूनही मागे हौदा लावलेल्या जुन्या महिंद्रा जीप आहेत. १९४७ मध्ये महिंद्राने मुंबईत विलीस जीप जोडायला घेतल्या, आणि उंच बॉनेटची सीजे-३बी तर पुढे कित्येक वर्षं बनत राहिली. इंजिन दणकट, पण मागचा ॲक्सल थकलेला. मग मिस्त्री म्हणतो, "भंगारातला बोलेरोचा ॲक्सल टाकून देतो, बिनधास्त राहा." टाकता येतो, पण बिनधास्त राहता येत नाही.

बदलायचं कारण खरं आहे. जुन्या ॲक्सलमध्ये चाकाचा हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर चावी आणि नटाने आवळलेला असतो. नट ढिला राहिला की चावी झिजते, शाफ्टला चीर जाते, आणि भरल्या गाडीचं चाक ड्रमसकट निघून येऊ शकतं. नव्या ॲक्सलमध्ये चकती शाफ्टलाच एकसंध असते. ड्रमही मोठा, जुन्या जीपचा ९ इंचीच होता.

आता मोजमाप. बोलेरोचा ॲक्सल जुन्या जीपपेक्षा रुंद आहे, चाकं मडगार्डबाहेर येतात. ॲक्सल विकत घेण्याआधी दोन्ही टोकांमधलं अंतर, पाट्यांच्या सीटमधलं अंतर आणि चाकाच्या बोल्टचं माप टेप लावून घ्या. गोळा कुठे आहे तेही बघा. जुन्या फोर-व्हील जीपचा मागचा गोळा मधोमध नसून उजवीकडे असतो, कारण प्रोपेलर शाफ्ट त्याच बाजूने येतो. मधोमध गोळ्याचा ॲक्सल लावला तर शाफ्ट तिरका चालतो, क्रॉस सारखे जातात.

सगळ्यात जास्त फसगत दातांच्या हिशोबात होते. सीजे-३बीचा क्राऊन ४३ दातांचा, पिनियन ८ चा, म्हणजे ५.३८. समजा बदललेला ॲक्सल ४५ ला ११, म्हणजे ४.०९ निघाला. सपाट रस्त्याला गाडी मोकळी पळेल, पण चाकाची ओढ जवळजवळ पाव हिश्श्याने कमी होईल. भरलेल्या गाडीने कार्लेखिंड चढताना ते कळेल. टायर तेच असतील तर काटा ४० दाखवेल तेव्हा गाडी ५२ ने पळत असेल. आणि पुढचा ॲक्सल जुनाच ठेवून फोर-व्हील टाकलंत तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतील, गिअर फुटतील. दोन्ही सारखे करा, नाहीतर फोर-व्हीलचा दांडा वापरूच नका.

ब्रेकचं तर मिस्त्रीला विचाराच. मागे मोठे ड्रम आणि पुढे जुने लहान असले की मागची चाकं आधी लॉक होतात. पावसात उतारावर गाडीची शेपटी फिरते.

काम चालू असताना एक जिवाची गोष्ट. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकाला नसतो, ट्रान्स्फर केसच्या मागे प्रोपेलरवर असतो. प्रोपेलर सोडला की हँडब्रेक संपला. आधी चारही चाकांना लाकडी ठोकळे, जॅकसोबत भक्कम घोडी, मगच खाली जा.

पाट्यांच्या सीट वेल्ड करताना आधी टाचे मारून घ्यावेत, गाडी चाकांवर उभी करून पिनियनचा कोन बघावा, मग पक्कं करावं. एका दमात वेल्ड ओढली तर घर वाकतं. ५०० किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळा.

खाऱ्या हवेचं वेगळंच. ॲक्सलच्या घरावरची श्वासनळी मातीने बुजलेली असते. तापलेला ॲक्सल खाजणाच्या किंवा खाडीच्या पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदला.

कागदाचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागू होतं. आरसीतला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय चालत नाही. काम हाती घेण्याआधी पेणच्या आरटीओत आणि विमावाल्याकडे लेखी विचारा. ॲक्सल जाड आला म्हणून पासिंगचं वजन वाढत नाही, कारण चॅसिस, पाटे आणि पुढचे ब्रेक जुनेच राहतात.

५० वर्षांवरच्या गाडीसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी मिळते, फी २०,००० रुपये. पण त्यात गाडी मूळ रूपात लागते, आणि रोजच्या रस्त्यावर किंवा धंद्याला वापरता येत नाही. कांदा वाहायचा असेल तर तो रस्ता आपल्या कामाचा नाही.

ॲक्सल बघून ठेवला असेल तर पैसे देण्याआधी गोळ्याचा, दोन्ही टोकांचा आणि टेप लावलेल्या मापाचा फोटो या नंबरवर पाठवा. माप जुळतंय का ते बघून सांगू.