लिटर, कप आणि माव्याची जिलेबी

बऱ्हाणपूरच्या माव्याच्या जिलेबीचे मिश्रण सलग धारेने कढईत पडावे लागते. ते सैल झाले तर वेटोळे पसरते आणि घट्ट झाले तर धार तुटते, म्हणून मावा, दूध आणि पीठ यांचे परस्पर प्रमाण हेच तिचे मर्म होय. बऱ्हाणपूरचे रेल्वे स्थानक ज्या लालबागेत आहे, तेथील एखाद्या मराठी घरात ती करायची झाली, तर मावा किलोच्या हिशेबाने तोलून येतो, दूध 500 मिलिलिटरच्या पिशवीतून येते आणि छापील कृतीत मात्र कपाचे माप असते. अशा वेळी हा कप कोणता, हे आधी ठरवावे लागते.

दशमान पद्धतीचा कप 250 मिलिलिटरचा, अमेरिकी कप सुमारे 236.6 मिलिलिटरचा, जपानी कप 200 मिलिलिटरचा, तर जुना ब्रिटिश कप अर्ध्या पिंटाचा, म्हणजे सुमारे 284 मिलिलिटरचा असतो. मिलिलिटरच्या आकड्याला कपाच्या मापाने भागले की कपांची संख्या मिळते: अर्धा लिटर दूध म्हणजे दशमान पद्धतीचे 2, अमेरिकी 2.11 आणि जपानी अडीच कप. दशमान व अमेरिकी कपांतील 13 मिलिलिटरचा फरक एका कपापुरता किरकोळ वाटतो, परंतु दोन लिटरसाठी आठ अमेरिकी कप मोजले तर तब्बल 107 मिलिलिटर दूध कमी पडते.

आपल्या जुन्या मापांतही हा प्रश्न दडलेला आहे. ब्रिटिशकालीन प्रमाण शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅमचा होता. त्या हिशेबाने पावशेर पाणी सुमारे 233 मिलिलिटर भरते, आणि हे माप अमेरिकी कपाच्या अगदी जवळचे आहे. 1956 च्या कायद्याने भारतात दशमान मापे आली, तरी पाव किलोला पावशेर म्हणण्याची सवय टिकली, त्यामुळे आजीच्या वहीतील पावशेर आणि आजचा पावशेर यांत फरक राहतो.

सर्व जिन्नस एकाच वाटीने मोजले तर वाटी लहान असो वा मोठी, प्रमाण बिघडत नाही. ते बिघडते ते पीठ वाटीने, दूध पिशवीने आणि मावा तराजूने घेतल्यावर. शिवाय कप हे आकारमान आहे, वजन नव्हे: खाद्यतेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर बहुधा 910 ग्रॅम असेही छापलेले असते, म्हणजे 250 मिलिलिटरच्या कपात तेल सुमारे 228 ग्रॅमच मावते, आणि मैद्याचे वजन तर तो दाबून भरला की सैल, यावरही बदलते.

म्हणून घरातील वाटीचे माप एकदा निश्चित करून घेणे अत्यंत हिताचे आहे. अर्ध्या लिटरची न फोडलेली दुधाची पिशवी सपाट ओट्यावर ठेवलेल्या वाटीने काठोकाठ मोजावी; अडीच वाट्या भरल्या तर ती वाटी 200 मिलिलिटरची, सव्वातीनच्या थोड्या पुढे गेल्या तर सुमारे 150 ची, आणि मग 250 मिलिलिटरच्या कपाच्या जागी पहिल्या वाटीने सव्वा, तर दुसरीने पावणेदोनला किंचित कमी एवढे माप घ्यावे.