उरणची आग आणि युनियनचा हक्क

3 सप्टेंबर 2019 रोजी सकाळी उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात आग भडकली. चौघे गेले. त्यांतले तिघे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या अग्निशमन शाखेचे होते.

या तिघांना युनियन काढता आली नसती. 1979 मध्ये याच दलातल्या जवानांनी संघटना बांधून आंदोलन केले, तेव्हा बोकारोत लष्कर उतरले. 1983 मध्ये दलाला सशस्त्र दलाचा दर्जा मिळाला आणि संघटनेची वाट बंदच झाली.

त्याच रायगडात, पनवेल महापालिकेच्या बंबावरचा फायरमन मात्र पालिकेचा नोकर. आग तीच, धूर तोच, पण त्याला युनियनचे सभासद होता येते. यामागे नागपूरचा एक जुना खटला आहे. आपल्या खात्यांना कामगार कायदा लागू होत नाही, असे नागपूर महापालिकेचे म्हणणे होते. 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले आणि अग्निशमन खात्यालाही ‘उद्योग’ ठरवले. फायरमनच्या पगाराचा नि पाळ्यांचा तंटा कामगार न्यायालयात नेण्याला त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

नेतृत्वाचा प्रश्न वेगळा. मुंबईत पालिका कामगारांचे पुढारीपण दीर्घकाळ शरद राव यांच्याकडे होते. पण सफाई, पाणी, रुग्णालये अशा अफाट पसाऱ्यात फायरमन संख्येने थोडेच. श्वसनयंत्र कधी बदलायचे, सलग किती तास ड्युटी लावायची, हे धुरात शिरलेल्या माणसानेच वाटाघाटीत मांडायला हवे. 2015 च्या काळबादेवी आगीत मुंबईचे प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले. जोखीम वरपासून खालपर्यंत सारखीच असते.

तरी हा हक्क सगळीकडे मिळतोच असे नाही; जपानमध्ये तर अग्निशमन कर्मचाऱ्यांना युनियनची आजही मनाई आहे.