नक्कल हीच शाळा

लंडनची रॉयल अकॅडमी १७६८ साली स्थापन झाली. तिच्या संस्थापक सदस्यांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोन स्त्रिया होत्या; अकॅडमीच्या शाळेत मात्र १८६०पर्यंत विद्यार्थिनीला प्रवेश मिळाला नाही. मग चित्रकलेची ओढ असलेल्या बाईने शिकायचे कुठे? अनेकींनी नकलेलाच गुरू केले.

लघुचित्राला स्वतंत्र चित्रशाळा लागत नसे. हस्तिदंताची पातळ चकती, जलरंग, बारीक कुंचला आणि समोर जुन्या उस्तादाने काढलेले व्यक्तिचित्र एवढे पुरे. हस्तिदंत पाणी शोषत नाही. ओला कुंचला फिरला की खालचा रंग उठून येतो. म्हणून चेहऱ्याची छटा ठिपक्यांनी आणि बारीक रेघांनी, सबुरीने भरावी लागते.

मार्गारेट बिंगम, म्हणजे पुढची लेडी ल्यूकन, ही अशीच हौशी चित्रकर्ती. आयझॅक ऑलिव्हर, जॉन हॉस्किन्स, सॅम्युएल कूपर यांच्या लघुचित्रांच्या प्रती तिने केल्या. संग्राहक होरेस वॉलपोलने आपल्याकडची चित्रे तिला नकलेसाठी दिली आणि आपल्या ग्रंथात तिची तोंडभरून स्तुती केली. ती स्तुतीही नकलेचीच होती.

पन्नाशीत तिने शेक्सपिअरच्या ऐतिहासिक नाटकांची पाने चित्रांनी सजवायला घेतली. पाच खंडांच्या त्या कामाला सोळा वर्षे लागली. तरी इतिहासात ती ‘हौशी’च राहिली. चित्रांवर तिचे पोट अवलंबून नव्हते, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. हात कच्चा होता, असा नव्हे.