‘दिसले नाही’ची नोंद

आवडता भौतिकशास्त्रज्ञ कोण, असा विषय निघाला की न्यूटन, आइन्स्टाइन ही नावे आधी येतात. मी मायकेल फॅरडेचे नाव घेतो, तेव्हा ऐकणारा कारण स्वतःच पुरवतो : लोहाराचा मुलगा, चौदाव्या वर्षी लंडनमधल्या एका बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागला आणि बांधणीला आलेली पुस्तके वाचून शिकला, पदवीविना अभ्यास करणाऱ्या तुमच्यासारख्याला तोच जवळचा वाटणार! फॅरडेची ही हकिगत खरी आहे. माझे कारण मात्र १२ मार्च १८६२ रोजी त्याने केलेल्या एका निष्फळ प्रयोगात आहे.

सोडियमचा क्षार ज्योतीत धरला की तिच्या वर्णपटात ठळक पिवळ्या रेषा दिसतात. अशी ज्योत शक्तिशाली विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवली, तर त्या रेषा बदलतील का, हे सत्तर वर्षांचा फॅरडे पाहत होता. काहीही बदलले नाही. तसे त्याने वहीत लिहिले. हा त्याचा शेवटचा प्रयोग. १८६७ मध्ये तो वारला.

निसर्गातल्या साऱ्या शक्ती एकमेकींशी जोडलेल्या आहेत, ही त्याची आयुष्यभराची धारणा होती. विजेमुळे चुंबकसूची हलते, हे १८२० मध्ये ओर्स्टेडने दाखवले. मग चुंबकापासून वीज का मिळू नये? १८२५ मध्ये फॅरडेने प्रयत्न केला; हाती काही लागले नाही. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून एकातून वीज सोडताच दुसऱ्याला जोडलेली सूची क्षणभर हलली. प्रवाह स्थिर राहिला की ती पूर्ववत. प्रवाह बंद करताना ती पुन्हा हलली. चुंबकत्व नुसते असून भागत नाही, ते बदलावे लागते, हे तेव्हा उमगले. आजचे जनित्र आणि ट्रान्सफॉर्मर याच तत्त्वावर चालतात. प्रकाशाच्या बाबतीतही तेच. ध्रुवित प्रकाशावर विजेचा परिणाम शोधण्याचे त्याचे १८२२ मधले आणि नंतरचे प्रयत्न वाया गेले. १८४५ मध्ये जड काचेतून जाणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवण प्रतल चुंबकाने फिरवून त्याने संबंध सिद्ध केला.

गुरुत्वाकर्षणाने मात्र त्याला दाद दिली नाही. वस्तू उंचावरून पाडून वीज उत्पन्न होते का, हे त्याने तपासले. उत्तर नकारार्थी आले. तरीही १८५० मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्याने ते प्रयोग तपशीलवार मांडले. संबंध असावा ही आपली भावना ढळलेली नाही, परंतु या प्रयोगांतून तसा पुरावा मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. माझ्या मते फॅरडेचा सगळा स्वभाव या भूमिकेत आहे. ‘दिसले नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. आणि ‘असावे’ म्हणजे ‘आहे’ नव्हे. दहा वर्षांनी याच विषयावर त्याने दुसरा निबंध दिला, तेव्हा निष्कर्ष केवळ नकारार्थी असल्याने तो मागे घेण्याचा सल्ला स्टोक्सने दिला आणि तो मागे घेतला गेला.

वहीला मात्र असा सल्ला चालत नव्हता. ऑगस्ट १८३२ पासून १८६० पर्यंत फॅरडेने परिच्छेदांना सलग क्रमांक दिले; ते १६,०४१ पर्यंत पोचले. यशाला वेगळे पान आणि अपयशाला वेगळे, असा पंक्तिप्रपंच त्यात नाही.

१८६२ च्या त्या प्रयोगाचे पुढे काय झाले? मॅक्सवेलने फॅरडेचे छोटे चरित्र लिहिताना त्याचा एका-दोन वाक्यांत उल्लेख केला. हॉलंडमधल्या लायडन येथे पीटर झीमानने ते वाचले. फॅरडेसारख्याला ही शक्यता वाटली असेल, तर अधिक चांगल्या उपकरणांनी पुन्हा पाहायला हवे, असा विचार त्याने केला. १८९६ मध्ये रोलंडचे विवर्तन जालक वापरून त्याने पाहिले, तर चुंबक सुरू होताच सोडियमच्या रेषा रुंदावल्या! लोरेंट्झने कारण सांगितले : अणूतल्या विद्युतभारित कणांच्या आंदोलनातून प्रकाश निघतो आणि चुंबकीय क्षेत्र त्या आंदोलनांची वारंवारता बदलते. रेषा किती रुंदावते यावरून कणाचा भार आणि वस्तुमान यांचे गुणोत्तर निघाले. कण हायड्रोजनच्या अणूपेक्षा हजारपटींहून हलका असल्याचा तो संकेत होता. तो कण म्हणजे इलेक्ट्रॉन. १९०२ चे नोबेल पारितोषिक झीमान आणि लोरेंट्झ यांना मिळाले.

फॅरडेचा प्रश्न बरोबर होता, उपकरण अपुरे होते. निष्फळ म्हणून त्याने ती नोंद केलीच नसती, तर मॅक्सवेलला काय कळले असते आणि झीमानने काय वाचले असते?

आपल्याकडच्या संशोधनपर लेखनात जे सापडले तेच छापले जाते. कोणती दप्तरे उपसली आणि त्यांत काय मिळाले नाही, हे अभ्यासकाच्या वहीबरोबर रद्दीत जाते; पुढचा माणूस तीच दप्तरे पुन्हा उपसतो. माझ्या प्रत्येक टिपणाच्या शेवटी मी आता ‘शोधले, मिळाले नाही’ अशी यादी जोडतो. संपादक ती बहुधा कापतात. तरी मी ती पाठवतो.